सिस्टर, बाबांची नाडी तुम्ही पूर्ण एक मिनिट धरलीत म्हणून

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही, त्या दिवशी विचारायचं सुचलंच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीला मी बाबांना घेऊन आले होते, तुम्ही दाराजवळच्या टेबलावर होतात आणि मागे पेशंटची ही एवढी लाइन. बीपीच्या मशीनने पहिल्यांदा १३८ दाखवलं, दुसऱ्यांदा १६२, तिसऱ्यांदा नुसतंच एरर. मी म्हटलं मशीन बिघडलं असेल, दुसरं आणा. तुम्ही काहीच बोलला नाहीत, मशीन बाजूला सरकवलंत, स्टूल ओढून बाबांच्या समोर बसलात आणि त्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत राहिलात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं असंच मी आजवर सगळीकडे बघितलेलं, पण तुम्ही पूर्ण मिनिट मोजलंत. मग छातीला स्टेथोस्कोप लावून परत एक पूर्ण मिनिट. लाइनमधले लोक कुरकुरायला लागले होते तरी तुम्ही मान वर केली नाहीत.

छातीत १२६ आणि मनगटावर ९८. हे दोन आकडे मी अजून विसरले नाहीये. एकाच माणसाचे ठोके दोन ठिकाणी वेगळे कसे येतात हे मला कळेचना, तेव्हा तुम्ही सांगितलंत की काही ठोके इतके घाईत पडतात की तोवर हृदय भरलेलंच नसतं, मग थोडंसंच रक्त बाहेर फेकलं जातं आणि ती लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमीजास्त, म्हणून मशीनही गोंधळलं. मग हाताने पंप दाबून कानाने ऐकत तुम्ही तीनदा बीपी घेतलंत आणि तिन्हींची सरासरी लिहिलीत (ही ऐकून बीपी घ्यायची पद्धत १९०५ साली कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने शोधली हे मी नंतर वाचलं, आणि ती अजून तुमच्या हातात आहे याचं मला फार बरं वाटलं).

खरं सांगू का, बाबांना तीन महिने त्रास होत होता. जिना चढताना धाप, दुपारीच थकवा, मधूनच छातीत मासोळी वळवळल्यासारखं होतं म्हणायचे. आम्ही एका ठिकाणी दाखवलंही होतं, तिथे हात न लावताच सांगितलं की ७१ वय आहे, आता असं होणारच. आणि आम्ही ते मान्य केलं याचं मला जास्त वाईट वाटतं.

ईसीजी निघाल्यावर मी घाबरून पहिलं काय विचारलं, तर ब्लॉकेज आहे का. हार्टचा आजार म्हणजे ब्लॉकेज, अँजिओग्राफी, अटॅक एवढंच डोक्यात असतं ना आपल्या. तुम्ही म्हणालात, रिपोर्ट डॉक्टरच सांगतील, पण एक दाखवते. एका कोऱ्या कागदाच्या कडेवर पेनाने ईसीजीतल्या दोन शेजारच्या टोकांच्या खुणा केल्यात आणि तो कागद ईसीजीच्या पट्टीवरून पुढे सरकवत नेलात, खुणा कुठेच जुळेनात. एक अंतर मोठं, पुढचं छोटं, मग दोन अगदी चिकटून. नॉर्मल माणसाचं हे जुळतं, एवढंच बोललात आणि त्याच दिवशी हार्टच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिलीत.

एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता मिनिटाला ३५० च्या वर वेगाने नुसते थरथरत असतात, त्यातले काहीच सिग्नल खाली पोचतात आणि तेही कसेही, म्हणून नाडी वेडीवाकडी. धडधड किंवा धाप यापेक्षा खरी भीती दुसरीच. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं, डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते तिथे गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका साधारण पाचपट वाढतो असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा एकदम गप्प झाले, कारण आमची आत्या.

आत्याला चार वर्षांपूर्वी स्ट्रोक आला. सकाळी उठली तर तोंड वाकडं, उजवा हात उचलेना, बोललेलं कळेना. ॲडमिट केल्यावर ईसीजीत हाच आजार दिसला, आधी कुणाला माहीतच नव्हता. तिचं बीपी दर महिन्याला बघितलं जायचं हो सिस्टर, मशीनवर, आकडा लिहून पुढचा पेशंट. तिची नाडी एकदा कुणीतरी अशी मिनिटभर धरली असती तर काय झालं असतं हा विचार मी आता करायचा नाही ठरवते आणि तरी रोज करते.

बाबांचे पुढचे सगळे रिपोर्ट झाले. थायरॉइड नॉर्मल, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपा चांगल्या, डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालाय, बहुतेक जुन्या बीपीमुळे. ठोके आवरायची एक गोळी आणि गुठळी होऊ न देणारी एक. मी तर म्हणत होते रोजची ॲस्पिरिन चालू आहे की, पण या आजारात गुठळी थांबवायला तेवढी पुरत नाही असं कळलं. वय ६५ च्या पुढे आणि बीपी, असे पक्षाघाताच्या धोक्याचे दोन मार्क धरून ही गुठळीची गोळी लागतेच म्हणाले. मध्ये एकदा दाढी करताना हनुवटीला कापलं तर दहा मिनिटं कापूस दाबून बसावं लागलं, मी घाबरले आणि म्हटलं आजची गोळी नको घेऊ, तर बाबाच ओरडले, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक डोसपण चुकवायचा नाही. मग फोन केला, त्यांनीही हेच सांगितलं, लघवीत किंवा शौचात रक्त दिसलं, डोक्याला मार लागला तर मात्र लगेच या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन दीड महिन्याने नीट पार पडलं. जिना आता एका दमात चढतात. रोज सकाळी उठलं की पलंगावर बसून तुमच्यासारखीच तीन बोटं ठेवतात, समोर घड्याळ, पूर्ण एक मिनिट, त्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही. वहीत लिहितात, ७६ वेडीवाकडी, ७२ वेडीवाकडी. ताल काही सरळ झाला नाहीये पण वेग आवाक्यात आहे. परवा तर आईची पण नाडी बघितली, तिची सरळ निघाली तर दोनदा मोजली.

तुमचे आभार मानायला आम्ही मध्ये येऊन गेलो होतो, पण तुम्ही नाइट ड्युटीला होतात, म्हणून हे लिहितेय. सिस्टर, मनापासून थँक्यू. त्या लाइनमध्ये तुमचं एक मिनिट किती महाग होतं ते मी बघितलंय आणि ते तुम्ही आमच्या बाबांना दिलंत.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याची तपासणी आहे. तुमची दिवसाची ड्युटी असेल तर बाबांना तुमच्याच टेबलावर बसायचंय, वही सोबत आणणार आहेत, तेवढी एकदा बघा.