वीस मिनिटे, एकच बोल

महोदय,

नौपाड्यात गेली २२ वर्षे मी तबला शिकवतो. हल्ली प्रवेश घेतानाच पालक विचारतात, ‘सर, स्टेजवर कधी बसेल?’ मला त्यांना आमची एक सातवीतली विद्यार्थिनी दाखवावीशी वाटते.

तिचा ‘तिरकिट’ हा तबल्याचा चार अक्षरी बोल जलद लयीत फुटायचा. ‘र’ वाजवणारी तर्जनी दर वेळी मागे राहायची आणि ते अक्षर गिळले जायचे. म्हणून लय थेट मिनिटाला ६० ठोक्यांवर आणली. फोनवर टिकटिक लावून रोज वीस मिनिटे, फक्त तेवढाच बोल. चारही अक्षरे सारख्या वजनाची आल्याशिवाय लय वाढवायची नाही. पहिले दोन आठवडे ती रडकुंडीला आली होती. पाचव्या महिन्यात तोच बोल चौपट लयीत मोत्यांसारखा सुटा आला, तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आले. नुसते तासन्‌तास वाजवून हे झाले नसते. चूक नेमकी कुठल्या बोटात आहे ते हेरून तिथेच थांबावे लागले.

पण रियाज करायचा कुठे? तिच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे संध्याकाळी तबला बंद झाला. त्याच संकुलाचे क्लबहाऊस मात्र लग्न-वाढदिवस सोडले तर कुलूपबंद असते. ठाण्यातल्या गृहसंकुलांना माझी कळकळीची विनंती आहे: संध्याकाळी पाच ते सहा तो हॉल वाजवणाऱ्या, गाणाऱ्या मुलांसाठी उघडा ठेवा. सतरंजी आम्ही आणू.

– एक तबलाशिक्षक, नौपाडा, ठाणे