मिक्सरच्या कपलरवर अन्याय नको

महोदय,

रविवारच्या पुरवणीत घरातली यंत्रे खोलून शिकण्यावर आलेला लेख वाचला. मुलांनी हातात पान्हा धरावा असे मलाही मनापासून वाटते, त्यामुळे लेखकाच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातले मिक्सरविषयीचे वाक्य वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. भांड्याखालचा रबरी कपलर, म्हणजे मोटर आणि पाते जोडणारा दातेरी तुकडा, वर्ष-दीड वर्षात झिजतो, म्हणजे कंपन्या मुद्दाम हलका माल घालतात, असे त्यांनी लिहिले आहे. सोबत मिक्सरचे सगळे सुटे भाग टेबलावर ओळीने मांडलेला फोटो. भाग सुटे झाले, मांडून झाले, पण प्रत्येक भाग तिथे कशासाठी बसवला आहे हे विचारायचे राहूनच गेले.

तो कपलर तिथे आधी तुटण्यासाठीच बसवलेला असतो. पात्याखाली हळकुंड किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा अडकला की पाते जागीच थांबते, आणि मोटर तर मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असते. त्या क्षणी दोघांच्या मध्ये कोणीतरी माघार घ्यावी लागते. रबराचे दात माघार घेतात. तिथे पितळेचा कपलर घातला तर तोच झटका थेट आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या, शाफ्टला बसेल, आणि थोडक्या रुपयांच्या कपलरऐवजी मोटर बदलावी लागेल. मिक्सरच्या बुडाला लाल बटण असते तेही याच कामाचे. मोटर अडकून जास्त करंट ओढू लागली की ते बाहेर येते आणि वीज तोडते. कपलर एकटा हातात घेऊन पाहिला तर तो हलकाच दिसणार. त्याच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे पाहिले तरच तो कळतो.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत 34 वर्षे फिटरचे काम केले, त्यातली बरीचशी हायड्रॉलिकच्या, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या, कामात गेली. 1984 साली नवीन लागलो तेव्हा आमच्या मेस्त्रींनी माझ्यापुढे गिअर पंप ठेवला आणि विचारले, तेल कुठून जाते सांग. दोन गिअर एकमेकांत अडकलेले, मी बिनधास्त सांगितले, मधून. मेस्त्रींनी पंप खोलू दिला नाही. दिवसभर विचार करायला लावला. मधल्या जागेत एका गिअरचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसलेले असतात, तिथे तेलाला वाटच नाही. तेल जाते ते बाहेरच्या बाजूने, दात आणि बॉडी यांच्या मधल्या खाचांत बसून, अर्धा वेढा घालून. हे डोक्यात बसले तेव्हाच बॉडीच्या आतला एक बारीक ओरखडा पंपाला का मारतो ते कळले. पंप दाब तयार करतो असे आजही पुष्कळ जण म्हणतात. पंप तेल फक्त पुढे लोटतो. पुढे सिलिंडरवर ओझे असले की दाब चढतो, आणि तो बेसुमार चढू नये म्हणून जादा तेल सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह असतो.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहावेसे वाटले तो सांगतो. येळ्ळूरच्या शिवारात आमची विहीर आहे. तिथला एक हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी फिरेनासा झाला. बटण दाबले की नुसता घूंऽऽ आवाज. जवळच्या एका दुकानातून माणूस आला, दोन मिनिटे कान लावला आणि मोटर जळाली, नवीन घ्या, म्हणून सांगून गेला. मीटर लावला नाही, झाकण काढले नाही. माझा पुतण्या मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो घरी होता. "काका, खोलूया," म्हणून त्याने पान्हे काढले.

मी म्हटले, थांब. आधी सांग, वीज आत येते तिथून पाणी बाहेर पडते तिथपर्यंत वाटेत काय काय आहे? मेन स्विच, स्टार्टर, वीज साठवणारा कंडेन्सर, मोटरमधली तारांची वाइंडिंग, शाफ्ट, पाणी फेकणारे चाक म्हणजे इम्पेलर, सक्शनचा पाइप, पाणी परत खाली जाऊ न देणारा तळाचा फूट व्हॉल्व्ह. एवढी नावे त्याला भराभर आली. मग विचारले, आवाज येतो म्हणजे वाट कुठपर्यंत मोकळी आहे? तिथे तो अडला. आवाज येतो म्हणजे वीज वाइंडिंगपर्यंत पोचते. वाइंडिंग जळाल्याचा वास नाही. मेन बंद करून मागचा पंखा हाताने फिरवला, तो सहज फिरला, म्हणजे बेअरिंग आणि इम्पेलर अडकलेले नाहीत. मग उरला कोण? सिंगल फेजची मोटर आपल्या आपण सुरू होत नाही. तिला पहिला धक्का लागतो, आणि तो कंडेन्सरच्या जोरावर स्टार्टिंगची वाइंडिंग देते. कंडेन्सरची नळी फुगलेली होती. आधी तो डिस्चार्ज केला, कारण मेन बंद केला तरी त्यात वीज साठून राहू शकते. बाजारातून त्याच मापाचा आणून जोडला. मोटर फिरली.

पण पाणी आले नाही. पुतण्याने पुन्हा पान्हा उचलला आणि मोटरकडे वळला. मी म्हटले, मोटरचे घर आता बंद कर, ती फिरते आहे, आता पाण्याच्या घरात शोध. पंपात वरून पाणी भरले तर ते हळूहळू खाली उतरत गेले. पंप आपल्या जोराने पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर तो आत पोकळी करतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते. म्हणूनच विहिरीत पाणी पंपापासून 25 फुटांपेक्षा फार खाली गेले की तो हात टेकतो. सक्शनच्या पाइपात हवा राहिली तर ही पोकळी होतच नाही. पाइप ओढून काढला. फूट व्हॉल्व्हच्या झडपेत आंब्याचे कुजलेले पान अडकले होते, त्यामुळे झडप बंद होत नव्हती आणि भरलेले पाणी खाली जात होते.

एकाच दिवशी दोन दोष, दोन वेगळ्या घरांतले. पंप एकदाही खोलला नाही. पुतण्या हुशार पोरगा आहे, पण संध्याकाळी म्हणाला, "काका, आम्हाला कॉलेजात मोटर वेगळी शिकवतात आणि पंप वेगळा." विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ 1998 पासून आपल्याच शहरात आहे, फाउंड्री आणि हायड्रॉलिकचे कारखाने उद्यमबागेत, आणि पोरांना एक पंप सलग वाचता येऊ नये, याचे मला फार दुःख होते.

तो कंडेन्सर इतक्या लवकर का गेला, हेही लिहितो. आमच्या शिवारात संध्याकाळी विजेचा दाब 180 व्होल्टपर्यंत उतरतो. मोटरची ओढ, म्हणजे फिरवण्याचा जोर, विजेच्या दाबाच्या वर्गाने कमी होते. 230 च्या जागी 180 मिळाले की जेमतेम 60 टक्के ओढ उरते. मोटर धडपडत सुरू होते, धक्क्याचा भार कंडेन्सर जास्त वेळ सोसतो, वाइंडिंग तापते. तीन वर्षांत मी दोनदा लेखी तक्रार दिली आहे, पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकालाही आलेले नाही. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटरींचे खापर मोटरींवर फुटते आणि वायरमध्ये काय येते ते कोणी मोजत नाही. आपल्या बातमीदाराने एखाद्या संध्याकाळी मीटर घेऊन येळ्ळूरला यावे, मी सोबत येईन.

अजून एक. पूर्वी पंपाबरोबर जे पत्रक मिळायचे त्यात सगळे भाग ज्या क्रमाने बसतात त्या क्रमाने सुटे काढलेले चित्र असायचे, प्रत्येकाला नंबर. ते चित्र पाहून शाळा अर्धवट सोडलेला माणूसही सील बदलायचा. माझ्या नव्या पंपाबरोबर वॉरंटीचे कार्ड आले, आणि उघडल्यास वॉरंटी रद्द असा कागद. मराठीत एक ओळ नाही.

पुरवणीत पुढच्या रविवारी कपलरविषयीची दुरुस्ती ठळक छापावी ही विनंती. लेख वाचून कोणी गृहिणीने धातूचा कपलर बसवून घेतला तर तिची मोटर जाईल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फिटर, अनगोळ, बेळगाव