आई-बाबा, या पावसाळ्यात घराला कुलूप लावा

खाओ लाक, थायलंड
जानेवारीअखेर

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोन केला की दोन मिनिटांत आई म्हणते, "ठेव गं, पाहुणे जेवायला बसलेत." जानेवारीत आंजर्ल्याचं आपलं घर किती भरलेलं असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे सगळं लिहूनच पाठवतेय. रात्री भांडी आवरून झाली की दोघं मिळून सावकाश वाचा.

मुद्द्याचं आधी सांगते. या पावसाळ्यात, कौलं चाळून झाली आणि शेवटचे पाहुणे गेले, की तुम्ही दोघांनी घराला कुलूप लावायचं आणि आमच्याबरोबर थायलंडला यायचं. इथे आल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. घरात निवास-न्याहारी सुरू केल्यापासून तुम्ही कुणाकडे पाहुणे म्हणून राहिलाच नाहीत. लग्नकार्याला गेलात तरी आई पदर खोचून तिथल्या स्वयंपाकघरात, आणि बाबा मांडवात पंगतीला वाढायला.

आता हे ठिकाण कसं आहे ते. फुकेतच्या विमानतळावरून गाडी उत्तरेला निघते, सारासिन पूल ओलांडला की फुकेत बेट संपतं आणि फांग-ङा प्रांत लागतो. रस्त्याला दोन्हीकडे रबराच्या बागा आहेत, प्रत्येक खोडावर तिरकी चीर आणि चीक गोळा करायला तिच्याखाली बांधलेली वाटी. सव्वा तासात खाओ लाक येतं. मागे जंगलाचा डोंगर, पुढे अंदमानचा समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड, दुकानं, हॉटेलं. किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सूर्य आपल्यासारखाच समुद्रात बुडतो. त्याच दिशेला जात राहिलं तर पुढे आपलं निकोबार. बाबा, हे कळल्यापासून छोटी रोज संध्याकाळी पलीकडच्या "इंडिया"ला हात करते.

रिसॉर्टमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा हात-तोंड पुसायला गवती चहाच्या वासाचा गार रुमाल दिला आणि प्यायला निळंशार सरबत. गोकर्णीच्या फुलांचं! आई, तू कुंपणावरून रोज परडीभर काढतेस ना, तीच. इथे ती सुकवून गरम पाण्यात घालतात, वरून लिंबू पिळलं की निळा रंग डोळ्यांदेखत जांभळा होतो. छोटीने तीन पेले संपवले. आपल्याकडे पाहुण्यांना कोकम सरबत देतोच, पण मे महिन्यात मुलं आली की हे करून दाखव. फुलं दारचीच आहेत, खर्च काही नाही.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडली. समुद्रावरून खोल्यांकडे येणाऱ्या वाटेवर मातीचा मोठा रांजण ठेवलाय, वर लाकडी झाकण आणि करवंटीला दांडा लावून केलेला डवला. पाय धुतल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि तसं सांगणारी पाटीही कुठे नाही. पूर्वीच्या थाई घरांच्या दाराशी असे रांजण असायचेच, इथे वाळूसाठी वापरलेत. आई, पडवीतली वाळू तू दिवसातून तीनदा झाडतेस आणि पाहुण्यांना एका शब्दाने बोलत नाहीस. आपल्याकडे माळ्यावर आजीचा रांजण पडून आहे. तो बेड्याशेजारी, फाटकापाशी मांडा. आणि समुद्रावर न्यायचे पंचे वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे खोलीतले पांढरे पंचे वाळूत लोळत नाहीत.

बाबा, हिशेबाचं तुमच्यासाठी. जेवणाच्या यादीत आकड्यापुढे दोन अधिकचिन्हं असतात. त्यांचा अर्थ असा की वर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ७ टक्के कर, म्हणजे १,००० बाथचं जेवण १,१७७ ला पडतं. अशा हॉटेलांत हीच रीत आहे, कुणी लपवतही नाही. तरी मला आपली रीत बरी वाटते. तुम्ही फोनवर जो दर सांगता तोच शेवटी वहीत लिहिता, आणि म्हणूनच ठाण्याची, नाशिकची तीच तीच मंडळी दरवर्षी येतात.

आवाराच्या कोपऱ्यात खांबावर देवघराएवढं छोटं घर आहे. ते त्या जमिनीच्या मालकाचं. म्हणजे जी अदृश्य शक्ती ती जागा राखते, तिचं. सकाळी एक कामगार तिथे फुलांची माळ, उदबत्ती, पाणी आणि लाल फँटाची बाटली ठेवतो. थायलंडभर घरांपुढे, बँकांपुढे, पेट्रोल पंपांवरही अशी घरं दिसतात. आपण वाडीत राखणदाराला नारळ ठेवतो, त्यामागेही हाच विचार असतो. मी रोज तिथे क्षणभर थांबून हात जोडते. दुसऱ्याच्या जागेत राहतो आहोत तर तिथल्या राखणदाराला सांगून राहावं, हे तूच शिकवलंस ना, आई.

आता जेवण, कारण आईचा पहिला प्रश्न तोच असणार. इथे नाम प्ला म्हणजे माशाचा रस आपल्या मिठासारखा जवळजवळ सगळ्यात पडतो, पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा. एरवी तुला मासळीचं वावडं नाही, पण सोमवार आणि संकष्टीला सांभाळावं लागेल. त्यासाठी "जे" एवढं म्हणायचं. पिवळ्या निशाणावर लाल अक्षरात तो शब्द लिहिलेली दुकानं असतात. तिथे मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही चालत नाही. ही चिनी वळणाची जुनी प्रथा. फुकेतला दरवर्षी, आपल्या नवरात्राच्या आसपास, नऊ दिवस त्याचा मोठा उत्सव असतो आणि माणसं पांढरे कपडे घालून हेच जेवण जेवतात. नाश्त्याला भाताची गरम पेज रोज असते. एका कोपऱ्यात एक बाई बिडाच्या पात्रात तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध ओतून खनोम क्रोक करते, अगदी आपल्या आप्पेपात्रातल्या आप्प्यांसारखे, वरून कुरकुरीत आणि आत सायीसारखे मऊ. एकावर कांद्याची पात, एकावर मका. तू ते खाताना मला बघायचंय. भारतीय म्हणून मांडलेली डाळ मात्र घेऊ नये, तिला चव नाही. आणि बुफेत जे वाया जातं ते बघवत नाही. आपल्याकडे माणसं मोजून तांदूळ धुतले जातात, तेच योग्य.

आमची खोली आवरायला येते ती बाई ब्रह्मदेशातली आहे, गालांना तनाखा नावाच्या झाडाच्या सालीचा पिवळसर लेप लावलेली. या पट्ट्यातल्या हॉटेलांत, रबराच्या बागांत आणि मासेमारीच्या बोटींवर तिकडची माणसं पुष्कळ आहेत. मी उठल्या उठल्या पांघरुणाच्या घड्या घालते, चादर ताणून ठेवते. त्याने ती आधी घाबरली, कामात काही कमी पडलं की काय म्हणून. मोबाइलवर भाषांतर करत मी तिला सांगितलं की माझी आई असंच पाहुण्यांचं घर चालवते, खोल्या तीच आवरते, तिच्या हाताखाली वाढल्यामुळे मला अंथरूण तसंच टाकून जाता येत नाही. ती खाली बसलीच. तिने तुझा फोटो मागितला. गणपतीतला, तू मोदक वळतानाचा दाखवला. तिची दोन मुलं गावाकडे तिच्या आईपाशी आहेत, पगारातले पैसे ती तिकडे धाडते. मग तिने विचारलं, तुझी आई इथे कधी येणार? मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी तुमचे जावई आणि मी बसून ठरवलं की तुम्हाला आणायचंच.

बाबा, २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी तुम्हाला आठवत असेल. आपण टीव्हीवर नागपट्टणम बघत होतो. थायलंडमध्ये सगळ्यात मोठा घाव बसला तो या पट्टीवर. देशभरात पाच हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांतली निम्म्याच्या आसपास परदेशी पाहुणे. नाताळची सुट्टी होती, सकाळची वेळ, लोक नाश्ता करत होते. समुद्र आधी दूर मागे हटला आणि त्याचा अर्थ न कळल्यामुळे कित्येक जण उघडा पडलेला तळ बघायला पुढे गेले. राजे भूमिबोल यांचा नातू त्या वेळी इथे समुद्रात होता, तोही वाचला नाही. त्याच्या संरक्षणासाठी किनाऱ्याजवळ उभी असलेली ८१३ क्रमांकाची पोलिसांची बोट लाटेने एक किलोमीटरहून जास्त आत नेऊन टाकली. ती अजून तिथेच ठेवली आहे, रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला. मी तिच्याखाली उभं राहून मागे वळून पाहिलं, तर समुद्र दिसतसुद्धा नव्हता.

तिथून उत्तरेला बान नाम खेम नावाचं कोळ्यांचं गाव आहे. तिथे लाटेच्या आकाराची सिमेंटची वळणदार भिंत उभारली आहे आणि तिच्यासमोर, त्सुनामीत गेलेल्यांची नावं, काही नावांशेजारी फोटो. काही पाट्यांपाशी ताजी फुलं होती. मला ३ जून २०२० आठवलं. निसर्ग वादळाने आपली कौलं उडवली, पोफळी काडीसारख्या मोडून वाडीभर आडव्या झाल्या, कित्येक दिवस वीज नव्हती, आणि मी पुण्यात फोन लावत बसले होते. तुम्ही दोघं सुखरूप आहात हे कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरला नाही. इथल्या माणसांनी जे गमावलं त्याच्यापुढे आपलं नुकसान काहीच नाही. पण सगळं आडवं झाल्यावर पुन्हा त्याच जागी खड्डे काढून रोपं लावणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला करताना पाहिलंय. म्हणून ही हॉटेलं, हे माड, हे हसून, हात जोडून वाय म्हणजे नमस्कार करणारे लोक बघताना मला नुसती सजावट दिसत नाही.

खोलीच्या दारामागे नकाशा लावलाय: भोंगा वाजला तर कुठल्या वाटेने, कुठल्या उंच जागी जायचं. रस्त्यावर तेच बाण दाखवणाऱ्या निळ्या पाट्या आहेत. बाबा, असा एक कागद आपल्या प्रत्येक खोलीत लावाच. वादळाचा इशारा आला तर पाहुण्यांनी कुठे जायचं, गावात पक्की इमारत कुठली, फोन कुणाला करायचा. तुम्हाला ते तोंडपाठ आहे, पण तुम्ही बाजारात गेला असाल तर पाहुण्याने काय करायचं?

हो, कासवांचंही ऐका. इथून दक्षिणेला थाय मुआंगचा लांब किनारा आहे, तिथे लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे वेळासला आणि आंजर्ल्याला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेच्या कितीतरी पट मोठी. आम्हाला दिसली नाहीत, पण तुम्ही मार्चमध्ये पिल्लं सोडायला पहाटे पाहुण्यांना घेऊन जाता ते इथल्या माळ्याला सांगितलं, तर त्याने माझ्याकडून आंजर्ल्याचं नाव लिहून घेतलं.

आता तुमच्या अडचणी. पावसाळ्यात यायचं तर इथे, खाओ लाकला, उपयोग नाही. मे ते ऑक्टोबर आपलाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस इथेही कोसळतो, समुद्र खवळतो, लाल निशाणं लागतात, समोरची सिमिलान बेटं बंद ठेवतात. म्हणून मी को सामुई ठरवलंय. ते थायलंडच्या आखातात, पूर्वेच्या बाजूला आहे. मधल्या डोंगररांगा आपला पाऊस बराचसा अडवतात. सामुईला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, जून-जुलैत ऊन आणि अधूनमधून एखादी सर. म्हणजे तुमचं घर जेव्हा रिकामं असतं तेव्हाच तिथे जाण्यासारखे दिवस असतात. बेट नारळाचं आहे, बाबांना करमेल.

मुंबईहून बँकॉक सव्वाचार-साडेचार तास, पुढे सामुई तासाभरापेक्षा थोडं जास्त. घड्याळ फक्त दीड तास पुढे, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा फारशा बिघडत नाहीत. आईच्या गुडघ्यांसाठी सगळ्या विमानतळांवर व्हीलचेअर मागवते, आणि आई, त्यात लाजण्यासारखं काही नाही. खोली तळमजल्यावरची, पायऱ्या नसलेली घेऊ. १ मे २०२५ पासून तिथे उतरण्याआधी तीन दिवसांच्या आत एक अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, फुकट असतो, तो मी भरेन. पैशांचं बोलायचं नाही. आम्ही दोघांनी ते वेगळे काढलेत आणि आमची तशी इच्छा आहे.

गाईचं काय, हे आई विचारेलच. काकूशी मी बोलले आहे. दूध तिने घ्यावं आणि वैरण-पाणी बघावं, ती आनंदाने हो म्हणाली. वाडीला पावसात शिंपणं नसतंच.

तेव्हा या आठवड्यात दापोलीला जाल तर दोघांचे पासपोर्टसाठी फोटो काढून घ्या, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. आईच्या आधार कार्डावर माहेरचं नाव राहिलंय, ते आधी बदलून घ्यावं लागेल, त्याला वेळ लागतो. बाबांचा जन्मदाखला लोखंडी पेटीत पिवळ्या पाकिटात आहे, त्याचा फोटो मला पाठवा. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कुणाचंही बुकिंग घेऊ नका, अगदी ओळखीचे असले तरी.

छोटीचा तुम्हाला गोड पापा, तुमच्या जावयांचा नमस्कार.

तुमची लेक