डॉजर्सला हात जपावे लागतील

संपादक महोदय,

अमळनेरला शाळेत मी मुलींना सॉफ्टबॉल शिकवतो आणि सकाळी चहा घेता घेता मोबाईलवर अमेरिकेतला बेसबॉल बघतो. २०२४ आणि २०२५ चं विजेतेपद जिंकलेला लॉस एंजेलिस डॉजर्स हा संघ २०२६ मध्येही जिंकणारच, असं माझे मित्र धरून चालले आहेत. मला धास्ती वाटते. त्यांचा ओहतानी चेंडू फेकतो आणि बॅटने मारतोही. पिचर (चेंडू फेकणारा) यामामोटोने २०२५ च्या अंतिम मालिकेत एकट्याने तीन सामने जिंकले, तेही शेवटचे दोन सलग दिवशी! पण जुना पिचर कर्शॉ निवृत्त झाला, फलंदाज फ्रीमनने पस्तिशी ओलांडली आहे. सामन्याच्या शेवटच्या डावांसाठी एडविन डियाझ हा पिचर घेतला, हे फार बरं केलं. लागोपाठ तीन विजेतेपदं १९९८-२००० च्या न्यूयॉर्क यांकीज संघानंतर कुणाला जमलेली नाहीत. माझ्या एका पिचर मुलीचा खांदा अतिफेकीने दुखावला, तेव्हापासून मी आधी हातच बघतो. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला, एप्रिल-मेमध्ये, यामामोटोला विश्रांती द्या.

एक क्रीडाशिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)