पगारातून येणाऱ्या देणग्या : 31 मेपर्यंत 10बीडी (देणग्यांचं विवरणपत्र) भरा

सर्व सदस्य संस्थांचे विश्वस्त व हिशेबनीस यांना नमस्कार.

कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापून येणाऱ्या देणग्यांना आता नुसती आपली पावती पुरत नाही. 2021-22 पासून 80जी सवलतीसाठी (देणगीवर मिळणारी आयकर सवलत) देणगीदाराला 10बीई (देणगी मिळाल्याचं) प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि 10बीडी विवरणपत्र भरल्याशिवाय ते आयकर खात्याच्या पोर्टलवरून निघत नाही.

2024-25 साठी दोन्हींची मुदत : 31 मे 2025. उशीर झाल्यास रोज 200 रुपये शुल्क.

कंपनीकडून धनादेश आला की त्याच दिवशी कर्मचारीनिहाय यादी मागा : नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम. गेल्या वर्षी आमच्याकडे एकच धनादेश आला, नावं 43 आणि पॅन 29 जणांचेच. यादी पुरी होईपर्यंत जुलै उजाडला. दरमहा शंभर रुपये देणारे एक शिपाईकाका प्रमाणपत्रासाठी तीनदा येऊन गेले, त्याचं फार वाईट वाटतं.

नव्या करप्रणालीत 80जी सवलत नाही. देणगी मागतानाच हे स्पष्ट सांगा.

अडचण असेल त्यांनी शनिवार, 10 मे रोजी सकाळी 11 वाजता नेहमीच्या सभागृहात यादी व लॅपटॉप घेऊन यावं. तिथेच बसून भरू.

– सचिव