पोथ्या लंडनला गेल्या, पण इथे राहिलेल्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लंडनमधला औषध कंपनीचा मालक आणि जुन्या वस्तू-पोथ्यांचा संग्राहक हेन्री वेलकम याच्यावरचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. लेखकाने त्याला दोनदा 'इंग्रज उद्योगपती' करून टाकले आहे. गृहस्थ अमेरिकेचा. जन्म विस्कॉन्सिनचा, उमेदवारी मिनेसोटात काकाच्या औषधाच्या दुकानात, आणि १८८० मध्ये सायलस बरोजबरोबर औषध कंपनीत भागीदारी करायला लंडनला आला. ब्रिटिश नागरिकत्व घेतले ते थेट १९१० मध्ये. असो, पुरवणीच्या घाईत होते असे कधीकधी.

माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. वेलकमने आपल्या पोथ्या 'लंपास केल्या' म्हणे! त्याने पैरा मल नावाच्या भारतीय डॉक्टरला पगार देऊन इकडे पाठवले, तो वर्षानुवर्षे गावोगाव हिंडला आणि पोथ्या विकत घेत राहिला. विकणारे आपलेच होते. परक्या राजवटीतला सौदा बरोबरीचा नसतो, हे कबूल. वेलकमला हावही दांडगी होती. १९३६ मध्ये वारला तेव्हा दहा लाखांवर वस्तू जमलेल्या, त्यातल्या कितीतरी खोक्यांतून बाहेरही निघाल्या नव्हत्या. पण पुढे त्या संस्कृत हस्तलिखितांची यादी झाली, ती छापली गेली आणि आज अभ्यासकाला तिथे पोथी पाहायला मिळते.

आता आमचे ऐका. आजोबा वैद्य. माधवनिदान, शार्ङ्गधर हे आयुर्वेदाचे ग्रंथ आणि आजोबांच्या स्वतःच्या औषधी योगांची मोडीत लिहिलेली वही, असे सगळे लाल फडक्यात बांधलेले असे. वडिलांनी ते मोठ्या विश्वासाने एका नामांकित संस्थेला दिले, विनामूल्य. पावती माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी वही पाहावी म्हणून गेलो. आधी अर्ज, मग 'साहेब रजेवर', मग 'कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते ते निवृत्त झाले'. फार गयावया केल्यावर शिपायाने कपाट उघडून दाखवले. गठ्ठ्यांवर नंबर नाहीत, खालच्या फळीला वाळवी, आणि एका फडक्याला हात लावला तर आतून नुसता भुगा गळला. आमचा गठ्ठा कोणता, हे तिथे कोणालाच सांगता आले नाही. 'परत देता का?' विचारले, तर 'नियमात बसत नाही'! व्हरांड्यात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी मात्र लखलखीत. पैरा मल आमच्या दारी आला असता तर निदान चार पैसे आणि वही, दोन्ही शिल्लक राहिले असते.

वेलकम 'दानशूर' होता, हे खरेच. मृत्युपत्राने त्याने अख्खी कंपनी विश्वस्तांच्या हवाली केली आणि नफा वैद्यकीय संशोधनाला लावून दिला. पण त्याच कंपनीने १९८७ मध्ये एड्सवरच्या एझेडटी या औषधाची किंमत अशी लावली की अमेरिकेत रुग्ण रस्त्यावर उतरले. त्याबद्दल लेखात चकार शब्द नाही. दानशूराच्या चरित्रात ते बसत नसावे.

जाता जाता आणखी एक. ज्या पानावर हा लेख आहे, त्याच पानावर खाली अर्धे पान जाहिरात: 'मधुमेह मुळासकट नाहीसा, गुण न आल्यास पैसे परत'. गोळीत औषध नेमके मापात असले पाहिजे, या आग्रहावर ज्याने कंपनी उभी केली, त्याच्या पायाशी हे! वेलकमने स्वतः सोळाव्या वर्षी गावच्या वर्तमानपत्रात अदृश्य शाईची जाहिरात दिली होती. लिंबाचा रस होता तो. पण त्याने कोणाचे इन्सुलिन सुटले नव्हते. जन्मभर औषधाच्या दुकानात उभा राहिलेला माणूस आहे मी. असल्या जाहिराती वाचून गोळ्या बंद करणारी गिऱ्हाइके माझ्या ओळखीची आहेत.

पत्र जागेअभावी कापावे लागलेच तर आजोबांचा परिच्छेद कापा, जाहिरातीचा नको. अर्थात कोणता कापला जाईल, याचा अंदाज मला आहे.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, मिरज