ढोराची लस माणसाले टोचत नसतात

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती, काळपुळीची लस दवाखान्यात नाही, गावकरी भयभीत. ते गाव आमचंच. घाबरले होते लोक हे खरंय, पण लस नाही म्हणून नाही तर लस कोणाची, कशासाठी हे कोणी धड सांगितलंच नाही म्हणून, आणि बातमीतही ते नव्हतं. मी २८ वर्षं आरोग्य सेवक होतो, आता रिटायर, दोन एकर वावर अन चार बकऱ्या, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

झालं असं की पोळ्याच्या आठ दिवस आधी शेजाऱ्याचा बैल रात्री वैरण खाऊन बसलेला, पहाटे पाहतो तर आडवा, नाकातोंडातून रक्ताळ फेस. कोणीतरी म्हटलं फाशी आहे, म्हणजे माणसात जिला काळपुळी अन इंग्रजीत अँथ्रॅक्स म्हणतात तोच रोग. दोघं जण कातडं सोडवायला सुरी घेऊन आलेच होते, पण ढोरांचे डॉक्टर वेळेवर पोचले, कोणाला हात लावू दिला नाही, कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतलं अन पाठवलं. लोक म्हणे पोट फाडून पाहत का नाही, कसले डॉक्टर हे. अहो, फाशीचं ढोर फाडलं की आतल्या जंतूला हवा लागते आन त्याचे बीजाणू होतात, ते मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात, मग त्याच धुऱ्यावर दहा वर्षांनी चरणारं ढोरही जाऊ शकते.

तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरला की अँथ्रॅक्स आला, लस घ्या. दुसऱ्या दिवशी पीएचसीसमोर (प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर) ही गर्दी, सिस्टर बिचारी एकटी. आन एक जण तर ढोरांच्या डॉक्टरलाच म्हणाला, "साहेब, तुमच्या थंड्या डब्यात लस हायेच ना, आमालेही एकेक टोचून द्या, पैसे घ्या पाहिजे तर." सगळे हसले पण मी नाही हसलो, कारण पैसे घेऊन टोचून देणाराही एखादा भेटला असता.

रिपोर्टात घटसर्प निघाला, तो ढोरांचा वेगळाच रोग, फाशी नव्हती. पण उद्या खरंच निघाली तर हेच होईल, म्हणून हे पत्र.

ढोरांची जी लस असते ती जिवंत जंतूची असते, अशक्त केलेल्या. १९३० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत स्टर्न नावाच्या शास्त्रज्ञाने तो वाण शोधला, आजही जगभर बहुतेक ठिकाणी तोच वापरतात. ती माणसाला द्यायचीच नसते. माणसाची लस वेगळी, अमेरिकेतल्या लशीत तर जिवंत जंतू नसतोच. ती तिथे १९७० पासून आहे पण तिथेही सगळ्यांना देत नाहीत, लॅबमध्ये या जंतूवर काम करणारे, काही सैनिक, काही ढोरांचे डॉक्टर एवढ्यांनाच. आधीपासून घ्यायची तर पाच डोस, पहिला मग १, ६, १२ आणि १८ महिन्यांनी, पुढे बूस्टर. म्हणजे आज टोचली अन उद्या मोकळे असं काही नाही. दंड दुखतो, गाठ येते, अंग मोडून येतं, पहिल्या डोसला जोराची अ‍ॅलर्जी झाली असेल तर पुढचा घ्यायचा नाही, बाई गरोदर असेल तर आधी डॉक्टरला सांगायचं. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाहीच, मग पीएचसीत कुठून असणार? सिस्टरवर ओरडून काय उपयोग.

आपल्याकडच्या माणसाला लशीपेक्षा जास्त गरज आहे ती फोड ओळखायची. मेलेल्या ढोराला, कातड्याला हात लागला आणि आठवडाभरात हातावर, मानेवर खाजणारी पुळी आली, भोवती सूज, मधे काळी खपली, आणि विशेष म्हणजे दुखत नाही, तर सरळ दवाखाना. दुखत नाही म्हणूनच लोक जात नाहीत ना. वरून कोणी बिबा लावतं, मग डॉक्टरला कळतच नाही की काळं कशानं झालं. स्क्रब टायफसमध्येही (बारीक किडा चावून येणारा ताप) असाच काळा डाग पडतो, २०१८ ला नागपूर बाजूला त्याची साथ आलती, म्हणून डॉक्टरने विचारो न विचारो, मेलेलं ढोर हाताळलं होतं हे आपण सांगायचंच. लाजायचं नाही. त्या ढोराचं मटण खाल्लं असेल तर तेही सांगा, पोटातली काळपुळी जास्त वाईट. कातडीची काळपुळी वेळेवर अँटिबायोटिक मिळालं तर जवळपास सगळ्यांची बरी होते, उपचारच नाही केला तर शंभरात वीसेक जण जाऊ शकतात. आणि एकाची दुसऱ्याला सहसा लागत नाही, त्यामुळे पेशंटला वाळीत टाकल्यासारखं करू नका.

लस ढोरांना द्यायची, तीही जिथे रोग निघतो त्या भागात, दरवर्षी. त्यातही आपले लोक एक घोळ करतात, खाजगी माणसाकडून आदल्या दिवशी अँटिबायोटिकचं इंजेक्शन मारून घेतात अन दुसऱ्या दिवशी कॅम्पात लस. लशीतला जंतू जिवंत असतो, अँटिबायोटिक त्यालाच मारतं, झाली लस वाया. औषध चालू असेल तर लस टोचणाऱ्याला तसं सांगा. आणि लस दिल्याबरोबर जोर येत नाही, दीड-दोन आठवडे लागतात.

साहेब, एक विनंती. पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा 'भयभीत' थोडं बारीक करा अन त्याच्या खाली ढोरांच्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर १९६२ मोठ्या अक्षरात टाका. आमच्या गावात तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहिलेला होता, त्यावर आता निवडणुकीचा रंग मारलाय.

आपला नेहमीचा वाचक,
एक निवृत्त आरोग्य सेवक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ